आत्याला झालेला ‘वात’ आणि बहिणीची गुठळी

डॉक्टरांना विचारा : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातला. माझी बहीण २७ वर्षांची, ठाण्याला नोकरीला आहे. यंदा गणपतीत घरचं सगळं तिच्याच अंगावर होतं, म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या तिने आठ-दहा दिवस आधीपासून सुरू केल्या होत्या. येताना गाडी महामार्गावर जागोजागी अडकली, पंधरा तासांनी घरी पोचली. दुसऱ्या दिवसापासून डोकं दुखत होतं. गावात दाखवलं, पित्त असेल म्हणून इंजेक्शन दिलं. गौरीपूजनाच्या संध्याकाळी उलट्या झाल्या, मग आकडी आली आणि उजवा हात लुळा पडला. चिपळूणला सीटी स्कॅन केला तर मेंदूत रक्तस्राव आहे म्हणाले. रात्रीच कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला नेली. तिथे एमआरआयमध्ये मेंदूच्या शिरेत गुठळी सापडली आणि रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू केली. रक्तस्राव असताना रक्त पातळ कसं करतात? आम्ही हादरलो होतो, पण ती सुधारली. आता हात बराच चालतो. डिस्चार्जच्या कागदावर ‘प्रोटीन एस कमी, जन्मजात दोषाची शक्यता’ असं लिहिलंय. आम्ही सगळ्यांनी तपासून घ्यायचं का? तिच्या लग्नाचं बघत होतो, त्याचं काय? आमच्या घरात असं कुणाला नाही. वडील सत्तरीत ठणठणीत आहेत. एक आत्या बाळंतपणात बाराव्या दिवशी वात होऊन गेली आणि धाकटे काका मुंबईत ४१व्या वर्षी पायाला प्लास्टर असताना अचानक दम लागून गेले, पण ते वेगळं.
— एक भाऊ

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटच्या ओळीवर अडले. ‘पण ते वेगळं’ असं तुम्ही लिहिलंय. मला ते वेगळं वाटत नाही. त्याच्याकडे येते, पण आधी त्या रात्री कऱ्हाडला ज्या प्रश्नाने तुमची झोप उडाली असेल तो घेऊ.

तुमच्याकडे नारळी-पोफळीची वाडी असेलच. तिला पाणी पाटाने येतं आणि जास्तीचं पाणी व्हाळाने खाडीकडे निघून जातं. मेंदूचंही तसंच. ताजं रक्त रोहिण्यांतून येतं, वापरून झालेलं नीलांतून परत जातं. पाटात माती पडली तर वाडी सुकते. आपण ज्याला अर्धांगवायूचा झटका म्हणतो तो बहुतेक वेळा असा असतो. पण व्हाळच तुंबला तर पाणी मागे फुगतं, बांधावरून उलटतं आणि वाडीत शिरतं. तुमच्या बहिणीचा व्हाळ तुंबला होता. चिपळूणच्या सीटीत दिसलं ते वाडीत शिरलेलं पाणी. ते खरंच तिथे होतं, त्यांनी चुकीचं सांगितलं नाही. ते कशामुळे आलं हे कळायला मात्र शिरांचा वेगळा एमआरआय करावा लागतो. अशा वेळी नुसतं पाणी उपसून भागत नाही, व्हाळ मोकळा व्हावा लागतो. म्हणून रक्त दिसत असतानाही हेपॅरिन, म्हणजे ते रक्त पातळ करायचं इंजेक्शन, देतात. हेपॅरिन स्वतः गुठळी विरघळवत नाही, ती वाढू देत नाही. विरघळवायचं काम शरीर हळूहळू करतं. पूर्वी आम्हा डॉक्टरांचाही हात यात थरथरायचा. १९९१ साली जर्मनीत अवघ्या २० रुग्णांचा एक अभ्यास झाला. हेपॅरिन मिळालेले रुग्ण इतके उघड सुधारले की तो मध्येच थांबवला. त्यात मेंदूत आधीच रक्त उतरलेले रुग्णही होते. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी केलं ते बरोबर केलं, आणि वेळेत केलं. या आजारातून दहातले सात-आठ जण चांगले सावरतात. तुमची बहीण त्याच वाटेवर दिसते.

आता गुठळी का झाली? पंधरा तास एका जागी पाय लोंबकळत बसणं. आणि मला खात्री आहे, तिने वाटेत पाणी प्यायलं नसणार. गणपतीला गावी येणारी कुठलीही बाई विचारा. महामार्गावर स्वच्छतागृहाची खात्री नाही, म्हणून पनवेल सोडल्यापासून घोट घोट घेत घसा ओला करतात. दरवर्षी त्या आठवड्यात पाय सुजलेल्या, लघवीला जळजळ होणाऱ्या मुलींची माझ्याकडे रीघ लागते आणि दरवर्षी मला तेवढाच संताप येतो. शरीरातलं पाणी आटलं की रक्त दाट होतं.

त्यात त्या गोळ्या. पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरॉन देतात, बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. या मात्रेत तिचा थोडा भाग शरीरात गर्भनिरोधक गोळीतल्याच इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेन रक्ताचा गोठण्याकडचा कल वाढवतं. बहुतेकींना त्याने काही होत नाही. पण जिच्या रक्तात मुळातच लगाम सैल आहे, तिला ती चिठ्ठीशिवाय काउंटरवरून मिळू नये. आमच्या घरी गणपतीच्या दिवसांत कुणाची पाळी आहे हे बघणं मी लग्नानंतर पाचव्या वर्षी बंद केलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी मोदकांना बसल्या. प्रत्येकीला हे जमणार नाही, मला माहीत आहे. पण गोळी घ्यायचीच असेल तर आधी डॉक्टरांना घरातलं सांगून घ्या: कुणाला पायात, फुप्फुसात, मेंदूत गुठळी झाली होती का, कुणी तरुण वयात अचानक गेलं का, स्वतःला जबर अर्धशिशी आहे का.

लगाम म्हटलं तो असा. कोयता लागला तर रक्त गोठायलाच हवं, नाहीतर माणूस जगणार नाही. पण जखमेपुरतं गोठून ते थांबायलाही हवं. ते थांबवणारी प्रथिनं रक्तात असतात. त्यातली मुख्य तीन: अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि प्रोटीन एस. सी आणि एस ही जोडीने काम करतात. यातलं एखादं जन्मतः निम्म्याने कमी असू शकतं. दुसरा प्रकार म्हणजे लगाम शाबूत, पण घोडा ऐकत नाही. गोठवणाऱ्या पाचव्या घटकातच असा बदल असतो की प्रोटीन सीचा त्याच्यावर जोर चालत नाही. १९९४ साली नेदरलँड्समधल्या लायडन शहरात हा बदल शोधला, म्हणून ‘फॅक्टर फाइव्ह लायडन’. युरोपात तो बराच आढळतो, आपल्याकडे त्या मानाने कमी.

आता तुमच्या कागदावरच्या ‘जन्मजात’ या शब्दाबद्दल. डॉक्टरांनी ‘शक्यता’ लिहिलंय, घरात तो निकाल म्हणून वाचला गेलाय. ताजी गुठळी झालेली असताना ही प्रथिनं खर्ची पडतात, म्हणून कमी दिसतात. इस्ट्रोजेनने प्रोटीन एस कमी होतं आणि बहिणीच्या पोटात त्या गोळ्या होत्या. गरोदरपणातही ते कमी होतं. शिवाय रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा असेनोकुमेरॉल सुरू झाली की सी आणि एस दोन्ही खाली येतात, कारण ती दोन्ही ‘के’ जीवनसत्त्वावर बनतात आणि ही गोळी नेमकं तेच अडवते. म्हणजे तिचं रक्त तपासायला घेतलं तेव्हा प्रोटीन एस कमी दिसायला एक सोडून दोन-तीन कारणं हजर होती. तेवढ्या आकड्यावर मी कुणाला जन्माचं लेबल लावणार नाही. उपचार पूर्ण होऊन डॉक्टरांनी गोळी थांबवली, की त्यानंतर निदान दोन ते चार आठवड्यांनी हीच तपासणी पुन्हा करा. तपासणीसाठी म्हणून गोळी आपण होऊन एक दिवसही बंद करायची नाही. जनुकांच्या तपासण्या, म्हणजे फॅक्टर फाइव्ह लायडन आणि प्रोथ्रॉम्बिन या आणखी एका गोठवणाऱ्या घटकाची, कधीही केल्या तरी चालतात, त्यांच्यावर गोळीचा परिणाम होत नाही. सोबत होमोसिस्टीन, बी-१२ आणि हिमोग्लोबिनही बघायला सांगा. त्यात दोष निघाला तर तो दुरुस्त करता येतो. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, रक्त गोठण्याच्या आजारांवर तिथे काम चालतं. बहीण ठाण्यातच असते, तर रक्ततज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन तिथे विचारा.

रिपोर्टवर माझा इतक्यात विश्वास नाही. तुमच्या शेवटच्या ओळीवर मात्र आहे.

काका प्लास्टरमध्ये असताना दम लागून गेले. पाय आठवडेच्या आठवडे हलला नाही की पोटरीच्या शिरेत गुठळी होते, ती सुटून फुप्फुसात अडकते आणि माणूस दम लागून जातो. आत्या बाळंतपणात गेली. दोघं तुमच्या वडिलांची भावंडं. इतक्या वर्षांनी त्यांचं निदान कुणीच करू शकणार नाही, मीही करत नाही. पण एकाच पिढीतली दोन तरुण माणसं, दोघंही गुठळीला अनुकूल अशा काळात गेलेली, आणि पुढच्या पिढीत तुमची बहीण. हे मी योगायोग म्हणून सोडून देणार नाही. जन्मजात गुठळीचा पहिला दोष सापडला तोही असाच. १९६५ साली नॉर्वेचे डॉक्टर ओलाव्ह एगेबर्ग यांनी एकाच कुटुंबातल्या माणसांना पुन्हा पुन्हा गुठळ्या होताना पाहिल्या आणि त्यावरून अँटिथ्रॉम्बिनची उणीव ओळखली.

‘वात’ या शब्दापाशी मला स्वतःचं एक सांगायचंय. नव्वदच्या दशकात मी राजापूर तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. बाळंतिणीचं डोकं दुखतंय म्हणून एका घरी बोलावलं. नववा दिवस होता. खोलीची एकुलती खिडकी गोधडी कोंबून बंद केलेली, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्या डोक्याला कानांवरून घट्ट बांधलेलं फडकं. उशाला तांब्या नव्हता. पाणी वाटीने, तेही मोजून, कारण बाळंतिणीने पाणी प्यायलं की अंग सुटतं असं आजीचं म्हणणं. तिच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. डोकं तीन दिवस दुखत होतं आणि आडवं झालं की वाढत होतं. मी अर्धशिशी समजले. गोळी दिली, खिडकी उघडायला लावली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला आकडी आली. घरच्यांनी वात झाला म्हणून आधी देवाला गाऱ्हाणं घातलं, मग गाडी शोधली. ती वाचली. पण डाव्या हाताची पकड गेली ती गेलीच. दोन वर्षांनी मी पुन्हा त्या घरी गेले तर ती विळीशी बसलेली होती. बांगड्याचं डोकं विळीवर टेकवायची आणि तो हातातून निसटायचा. तिने तो तीनदा उचलला, मग न बोलता जावेकडे सरकवला. आडवं झाल्यावर वाढणारं डोकं, बाळंतपणाचा दुसरा आठवडा, आटलेलं पाणी. हे तिन्ही माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी ते जोडलं नाही. तेव्हापासून बाळंतिणीच्या खोलीत मी पहिल्यांदा तांब्या शोधते.

म्हणून विचारते, तुमच्या आत्याला ‘वात’ होण्याआधी डोकं दुखत होतं का? घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला आठवत असेल. शांतपणे विचारा, डोकं दुखायला कितव्या दिवसापासून लागलं, आकडी आली होती का, एक बाजू लुळी पडली होती का. एका कागदावर नावं, वयं आणि काय झालं ते लिहून काढा आणि तो कागद बहिणीच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. रक्ततज्ज्ञ तो आधी वाचतील.

सगळ्यांनी तपासायचं का? लगेच नाही. बहिणीची तपासणी पुन्हा होऊ दे. तिच्यात दोष पक्का झाला तरच तो बाकीच्यांत शोधायला अर्थ आहे. हे दोष आईकडून किंवा वडिलांकडून, मुलगा-मुलगी असा भेद न करता येतात. एका पालकात असेल तर प्रत्येक अपत्यात यायची शक्यता निम्मी. आला तरी पुष्कळांना आयुष्यभर काहीच होत नाही. तुमचे वडील कदाचित तसेच असतील, सत्तरीत ठणठणीत. ज्यांना लवकरच गर्भनिरोधक गोळ्या, बाळंतपण किंवा मोठं ऑपरेशन यांतून जायचंय, अशा चुलत-आत्ये बहिणींना तपासणीचा खरा उपयोग आहे. लहान मुलांच्या दंडात उगाच सुई टोचू नका. तुमच्यासाठी रिपोर्टपेक्षा सवयी महत्त्वाच्या: लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी उतरून चालणं, पाणी पिणं, तंबाखू नाही. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर त्याच दिवशी दवाखाना.

राहिलं लग्न. तुमची बहीण लग्न करू शकते आणि आईही होऊ शकते. सासरी हे लपवू नका, पण दोष म्हणून सांगूही नका. मधुमेह सांगतो तसं सरळ सांगा. मी लपवू नका म्हणते त्याला कारण आहे: पहिल्या गरोदरपणात डॉक्टरांना जर नवऱ्याने आणि सासूने तिची हकिगत सांगितली नाही, तर तिच्या बाजूने कोण बोलणार? दिवस राहण्याचा विचार सुरू झाला की आधी डॉक्टरांना भेटायचं, कारण वॉरफरिनसारख्या गोळ्या पहिल्या तिमाहीत गर्भाला घातक ठरू शकतात. त्याऐवजी पोटावर घ्यायची कमी रेणुभाराच्या, म्हणजे लहान रेणूंच्या, हेपॅरिनची इंजेक्शनं असतात. ती वारेतून बाळाकडे जात नाहीत. गुठळी होऊन गेलेल्या बाईला ती बहुधा गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे देतात. इस्ट्रोजेनच्या गोळ्या आणि त्या पाळी ढकलायच्या गोळ्या तिने पुन्हा कधीही घ्यायच्या नाहीत. तांबी चालते. आणि ती बाळंत झाली की तिच्या उशाशी भरलेला तांब्या राहील, हे तुम्ही बघा. भावाने सांगितलेलं घरात ऐकतात.

प्रश्न : माझा भाऊ ३६ वर्षांचा, देवगडला बोटीवर तांडेल आहे. पहाटे बंदरावर तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं झालं. कोल्हापूरला नेईपर्यंत सहा तास गेले. आता ‘थ्रॉम्बोफिलिया प्रोफाइल’ (रक्त गोठण्याच्या दोषांच्या तपासण्या) करा म्हणतात, खर्च खूप आहे. करायचं का?

उत्तर : त्याची गुठळी पाटातली आहे, म्हणजे रोहिणीतली. वर सांगितलेले जन्मजात दोष मुख्यतः शिरांत गुठळ्या करतात; मोठ्यांच्या रोहिणीतल्या झटक्याशी त्यांचा संबंध कमकुवत आहे. म्हणून सगळं पॅकेज करण्याआधी विचारा की रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल झालं का, मानेतल्या रोहिण्या पाहिल्या का, हृदयाचा इको झाला का. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन झडप खराब झालेली तरुण माणसं आपल्या भागात अजून भेटतात. तंबाखू किती, हे त्याला बाजूला घेऊन विचारा. एक रक्ततपासणी मात्र तरुणाच्या झटक्यात मी सोडत नाही, ती अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीजची. हा दोष आनुवंशिक नाही, पुढे उद्भवतो, पण रोहिणीत गुठळी करतो. पहिल्यांदा सकारात्मक आली तर १२ आठवड्यांनी पुन्हा करूनच पक्कं धरतात, कारण त्यावर पुढची गोळी कोणती हे ठरतं. जन्मजात दोष शोधायला एक जागा उरते: इकोमध्ये हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं जन्माच्या वेळचं छिद्र उघडं दिसलं तर. ते साधारण चार माणसांत एकाचं उघडं राहतं आणि बहुतेकांना त्रास देत नाही, पण पायाच्या शिरेतली गुठळी त्यातून मेंदूकडे जाऊ शकते.

सहा तासांबद्दल वाईट वाटलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. काही निवडक रुग्णांत मोठी गुठळी तारेने ओढून काढता येते, तेही २४ तासांपर्यंतच. बंदरावरच्या सगळ्यांना हे सांगून ठेवा: तोंड वाकडं, हात पडला, बोबडं झालं की घड्याळ बघायचं, १०८ ला फोन करायचा आणि सीटी स्कॅन जिथे आहे तिथेच थेट जायचं. आधी मालीश, मग दवाखाना, असं करू नका.

प्रश्न : यजमानांना पायात गुठळी झाल्यापासून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. हिरवा पाला बंद करा असं शेजारी सांगतात. श्रावणात टाकळा, अळू, शेवग्याचा पाला आमच्याकडे रोज असतो. मासे चालतात का?
— वेंगुर्ल्याहून एक वाचक

उत्तर : मासे चालतात, सोलकढीही चालते. पाला बंद करू नका. त्यात ‘के’ जीवनसत्त्व असतं आणि ते वॉरफरिन, असेनोकुमेरॉलसारख्या गोळीच्या उलट काम करतं, म्हणून प्रमाण बदललं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा तपासणीचा आकडा, बदलतो. महिनाभर अजिबात पाला नाही आणि मग श्रावणात रोज ताटभर, हे टाळा. वाटीभर ठरवा आणि बारा महिने साधारण तेवढाच ठेवा. बहुतेकांचा आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवतात, त्यांचा किती हवा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. अंगदुखीला दुकानातून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणू नका, कमरेत इंजेक्शन घेऊ नका. नवीन अँटिबायोटिक सुरू झालं तर आयएनआर लवकर तपासा. दारू नको. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. शौचाला काळं झालं, हिरड्यांतून रक्त थांबेना किंवा माडावरून पडून, पायरीवर घसरून डोक्याला मार बसला, तर वरून काही दिसत नसलं तरी दवाखान्यात न्या. गोळीचं नाव आणि शेवटचा आयएनआर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात कायम असू दे, आंब्याच्या बागेत जातानासुद्धा.